दुसरा डोळा

मुलगी बघायला म्हणून आम्ही हमरापूरला गेलो, पण त्या घरात बघण्यासारखं इतकं होतं की मुलगी बघायची राहूनच गेली. ओटीवर गणपती, माजघरात गणपती, माडीच्या जिन्यावर पायरीपायरीला गणपती, आणि एकालाही डोळे नाहीत. माझी आत्या टेकायला गेली ती थेट एका ओल्या मातीच्या उंदरावर. उंदीर गेला, आत्याचं नवं लुगडं गेलं, पण लग्न जमलं. सासऱ्यांनी चहाबरोबरच अट घातली, "लगीन दिवालीनंतर. तवर माज्या पोरीला येल नाय."

वेळ नव्हता हे खरंच होतं. त्यांच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे दोनच माणसं रंगवायची, एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची ही मुलगी. आमच्या पेणच्या बाजूला या कामाला आखणी म्हणतात. माती मळणारे पुष्कळ, रंग मारणारे पुष्कळ, पण आखणीवाला सापडला की कारखानदार त्याच्यासाठी पानाचा डबा उघडा ठेवतात. आखणीला बसण्याचे त्या घरात नियम होते. हात मनगटापाशी टेकवायचा, रेघ ओढताना श्वास धरायचा, बोलायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे पहिला डोळा काढून झाला की दुसरा काढल्याशिवाय उठायचं नाही. घराला आग लागली तरी नाही. दोन्ही डोळे एका बैठकीत आणि एकाच हाताचे. एका डोळ्याचा देव मागे ठेवून माणूस उठत नाही. मी लग्नानंतरच्या पहिल्या सीझनला तिच्यासमोर तासभर जेवणाचं ताट धरून उभा होतो, त्यामुळे हा नियम मला पोटापासून पाठ आहे.

सासऱ्यांची इच्छा होती की तिने तेच करावं. ती शिक्षिका झाली. "हात फुकट घालवलास," म्हणून ते बरेच महिने तिच्याशी बोलले नाहीत. नेमणूक मिळाली ती डोंगरातल्या एका ठाकरवाडीवर. गडबच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की रस्ता आधी डांबरी असतो, मग खडीचा होतो आणि मग आपण माणसांसाठी बनलेलो नाही असं सांगून थांबतो. तिथून वर चालत. मी रोह्याच्या कंपनीत होतो. जनरल शिफ्ट असली की सकाळी तिला पायथ्याशी सोडायचं आणि पुढे जायचं, असा आमचा संसार मोटारसायकलवर चालला. वाडीत सगळे तिला बाई म्हणत. हळूहळू मीही म्हणायला लागलो. नावाने हाक मारली तर ती ऐकायची नाही, बाई म्हटलं की लगेच वळायची. काय करणार.

त्या शाळेत आलेला प्रत्येक मास्तर पहिल्या दिवशी बदलीचा अर्ज लिहीत असे. वर्षातला बराच काळ शाळेला कुलूपच. दिवाळी झाली की अर्धी वाडी वीटभट्टीवर जायची, पोरांसकट. उरलेली पोरं रानात. बाईने पहिल्या आठवड्यात रिकाम्या वर्गाला शिकवलं, मग माहेराहून शाडूचं पोतं आणलं. ते पोतं डोंगरावर कुणी चढवलं हे विचारू नका. आमच्या गावच्या नाटकात मी दोनदा राजा आणि तीनदा प्रेत झालो आहे, पण पोतं पाठीवर घेऊन चढताना मी जो अभिनय केला तो पाहायला एक म्हैस सोडून कुणी नव्हतं.

पोरं मातीला आली. मातीची अक्षरं झाली, मग पाटीवर पेन्सिलीची. आणि बाईने त्यांना लिहायला शिकवलं ते आखणीच्या नियमांनी. मनगट टेका. श्वास धरा. ओळ अर्ध्यावर सोडून उठायचं नाही. तिची आणखी एक खोड होती. पाटी हातात घेतली की ती एक तरी चूक काढायचीच, आणि चूक सापडल्याशिवाय पाटी परत करायची नाही. पोरांना त्यात गंमत वाटायची. आज बाईंना चूक शोधायला किती वेळ लागेल, यावर त्यांच्या आपसात पैजा लागायच्या.

एकदा तपासणीला साहेब आले. घामाघूम होऊन वर पोचले, दारात उभे राहिले, तर वर्ग बसलेलाच. कुणी उठेना, नमस्ते म्हणेना. सगळी पोरं गाल फुगवून श्वास धरून बसलेली. साहेबांना वाटलं काहीतरी विषबाधा झाली. "बाई, यांना काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"ओळ पूर्ण होते आहे," बाई म्हणाली. "उठतील."

ओळ पूर्ण झाली, पोरं उठली, श्वास सोडला आणि एका सुरात नमस्ते म्हणाली. साहेब रागावणारच होते, पण त्यांनी एक पाटी उचलली. मग दुसरी. मग खाली बसून सगळ्या पाट्या पाहिल्या. त्यानंतर तालुक्यात कुठेही सुंदर हस्ताक्षर दिसलं की लोक विचारायचे, डोंगरावरचं का?

त्या पाट्यांमध्ये एक पाटी वेगळी असायची. ती मुलगी काटकुळी, कमी बोलणारी. बाई तिच्या पाटीवर चूक शोधायला सगळ्यात जास्त वेळ लावायची. तिचा बाप पावसाळ्यात हायवेला काकड्या आणि शिराळी घेऊन बसायचा. मुलगी चौथी झाली तेव्हा बाई त्याच्या टोपल्यांपाशी जाऊन उभी राहिली आणि हायस्कूलचं बोलू लागली.

"शिकून काय करंल ही, बाई?"

"माझ्या खुर्चीवर बसेल."

शाळेत एकच खुर्ची होती, एका हाताला तारेने बांधलेली. बापाने जरा विचार केला. "मंग तुमी कुठं बसाल?"

"मी घरी बसेन. तुमचे जावई मला घरी बसवायला कधीपासून टपलेत."

जावई म्हणजे मी, मोटारसायकलवर बसलेला. मी मान डोलावली. बाप हसला आणि त्याने एक काकडी कापून मीठ लावून माझ्या हातात दिली. मी तो होकार धरला.

बाईने ते हसण्यावारी बोलून घेतलं, पण बोलली ते खरं होतं. तिला धास्ती होती. बदल्या आता कॉम्प्युटरवर होतात, आपण नको म्हटलं म्हणून कुणी ऐकत नाही. ती गेली की पुन्हा कुलूप. बाहेरून येणारं माणूस तिथे टिकणार नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून शिक्षिका वाडीतलीच झाली पाहिजे. वाडीतून तोवर कुणी दहावी झालेलं नव्हतं. ही एक मुलगी होईल, पुढे शिकेल, वर येऊन त्या खुर्चीवर बसेल. एवढं एक झालं की बाकी मला काही नको, असं ती म्हणायची. मी म्हणायचो, मला एक नवीन मोटारसायकल हवी आहे. ती ऐकायची नाही.

मुलगी हायस्कूलला रोज डोंगर उतरायची, चढायची. नववीच्या सुट्टीत बाईने तिला बक्षीस म्हणून हमरापूरला नेलं. सासरे तोवर गेले होते. कारखाना बाईचा मोठा भाऊ बघत होता. आजारपणानंतर त्याच्या हाताला कंप आला होता आणि आखणीला माणूस नव्हता. बाईने एका लहान मूर्तीसमोर मुलीला बसवलं आणि कुंचला तिच्या हातात दिला. मुलीने मनगट टेकलं, श्वास धरला. डावा डोळा झाला. उजवा झाला. मळणारे थांबले, रंगवणारे थांबले. मेव्हणे मूर्तीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बाबा आलं गो परत."

बाईचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा होता. आमच्या लग्नातही ती एवढी खूश दिसली नव्हती, आणि हे मी तक्रार म्हणून सांगतो आहे.

दहावीची परीक्षा आली. केंद्र पेणला. वाडीवरून सकाळी वेळेत पोचणं अवघड, आणि वर वीज येते-जाते. म्हणून बाईने तिची सोय माहेरी केली. हमरापूरहून पेण जवळ, अभ्यासाला दिवा, जेवायला मेव्हण्यांच्या बायकोच्या हातची भाकरी. पहिल्या पेपरला आम्ही दोघं तिला न्यायला येणार, मग तिघं मोटारसायकलवर जाणार, असं ठरलं.

आम्ही वेळेच्या कितीतरी आधी पोचलो. मी इंजिन चालूच ठेवलं. बाई आत गेली आणि बाहेर येईना. मी हॉर्न वाजवला. मग आत गेलो.

मधल्या खोलीत एक मोठी मूर्ती होती, माझ्या उंचीची. परदेशी जाणाऱ्या मूर्ती याच दिवसांत निघतात, बोटीने लांब जायचं असतं. बाहेर टेम्पो लागलेला होता आणि ही एक शेवटची राहिली होती. मेव्हण्यांचा हात चालत नव्हता. पहाटे मुलगी उठून पुस्तक घेऊन बसलेली दिसली, त्यांनी विचारलं, "येवढी एकच मूर्ती हाय, गो. डोलं तेवढं." ती हो म्हणाली. ज्यांच्या घरी जेवते त्यांना नाही कशी म्हणणार. तिला वाटलं, होईल. पण लहान मूर्तीचा डोळा वेगळा आणि तळहाताएवढा डोळा वेगळा. त्याच्या पापणीची नुसती कड निघायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं.

मुलगी उंच स्टुलावर बसली होती. केसांना तेल, वेण्या घट्ट, गणवेशावर मेव्हण्यांचा जुना शर्ट. डावा डोळा झाला होता. उजवीकडे नुसता पांढरा रंग.

मी दारातून म्हटलं, "चल, ऊठ. वेळ झाली."

बाईने मागे न पाहता तोंडावर बोट ठेवलं. माझ्यासाठी.

ती शाडूच्या पोत्यावर बसली होती, हात मांडीत धरून. मी तिच्यापाशी गेलो, मनगटावरचं घड्याळ तिच्या डोळ्यांपुढे नाचवलं. कुजबुजलो, "अगं, उठव तिला." बाई मुलीकडे पाहत होती, मग डाव्या डोळ्याकडे, मग पांढऱ्या जागेकडे. ती म्हणाली, "एक डोळा झालाय."

"मग दुसरा तू काढ."

"हात बदलतो. नजर फाटते."

मेव्हणे भिंतीशी उभे होते. त्यांनी हात जोडलेले होते, ते देवाला की बाईला ते मला सांगता येणार नाही. माझ्याखेरीज त्या खोलीत एकही जण तिला उठवायला तयार नव्हता, आणि माझं तिथे कोण ऐकतं. मी बाहेर जाऊन गाडीवर बसलो. परत आत आलो. परत बाहेर गेलो.

उजवा डोळा पूर्ण झाला. मुलगी स्टुलावरून उतरली, दोन पावलं मागे गेली, पाहिलं, आणि मग एकदम तिला दिवस आठवला असावा. शर्ट काढून टाकत ती दाराकडे धावली. बोटांना काळा रंग तसाच.

मी त्या दिवशी जशी गाडी मारली तशी पुन्हा मारणार नाही. मध्ये मुलगी, मागे बाई. मुलगी माझ्या पाठीमागे पुटपुटत होती, मला वाटलं प्रार्थना करते आहे. ती निबंध म्हणत होती.

फाटक बंद होतं. घंटा होऊन गेली होती. शिपाई सभ्य होता, त्याने नियम सांगितला. मग मी आयुष्यातला माझा सगळ्यात चांगला प्रयोग केला. हात जोडले, पाया पडलो, आवाज चढवला, उतरवला, डोळ्यांत पाणी आणलं, खरं तर ते आणावं लागलंच नाही. आतले एक सर आले, त्यांनीही ऐकून घेतलं. "मला वाईट वाटतंय," ते म्हणाले, "पण आता नाही." ते परत गेले. मुलगी आपल्या काळ्या बोटांकडे बघत होती. मग तिनेच बाईला विचारलं, "बाई, पानी पेता का?" आणि दप्तरातली बाटली काढून दिली.

बाकीचे पेपर तिने दिले. बाई रोज स्वतः फाटकापर्यंत गेली. निकालात तेवढा एक विषय राहिला. बाई म्हणाली, काही बिघडलं नाही. जुलैत पुन्हा परीक्षा असते, एका पेपरचा प्रश्न आहे, एक विषय राहिला तरी अकरावीला घेतात. तिने फॉर्म भरला, पुस्तक दिलं, प्रत्येक रविवारी शिकवलं.

पण जुलै हमरापुरात काय असतो ते बाईपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार. गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. आणि त्या परदेशी गेलेल्या मूर्तीचा फोटो तोवर सगळ्या कारखान्यांच्या मोबाईलवर फिरला होता. मुलीला बोलावणी यायला लागली. तिच्यामागे वाडीतल्या आणखी दोघीतिघी आल्या. बाईनेच लिहायला शिकवलेल्या, मनगट टेकणाऱ्या, श्वास धरणाऱ्या.

पेपरच्या आदल्या दिवशी बाई तिला घ्यायला गेली. मी याही वेळी दारात होतो. मुलगी मूर्तींच्या एका रांगेपुढे बसली होती, शेवट दिसत नव्हता अशी रांग. बाईला पाहून तिने कुंचला भांड्यात ठेवला.

"उद्या पेपर आहे," बाई म्हणाली.

"ठाव हाय."

"मग चल."

"बाई, सीझन हाय. येवढं सगलं काम घेतलंय मी." ती रांगेकडे पाहत होती. "अर्ध्यावर कशी उठू?"

ती उद्धटपणे बोलली नाही. ती उत्तर देत होती, शाळेत द्यायची तसं, बरोबर आलं का बघायला. बाईने मुलीच्या खांद्याला हात लावला, भांड्यातला कुंचला काढून कडेला आडवा ठेवला, कारण उभा ठेवला की केस वाकतात, आणि ती बाहेर आली. मी गाडीला किक मारली.

पुढचं फार नाही. पोरी गेल्या, मग त्यांच्या घरची माणसं गेली. वीटभट्टीपेक्षा हे हजार पटीने बरं, सावलीतलं काम, भाड्याची का होईना पक्की खोली, धाकट्यांना जवळच शाळा. त्या मुलीने बापाला चष्मा केला, घरात फ्रीज आणला. तिचं वाईट झालं असं कुणी म्हणू शकत नाही. बाईही म्हणत नाही. वाडीत म्हातारी माणसं आणि थोडी पोरं राहिली, मग पोरंही कमी झाली, आणि शाळा बंद करून खालच्या शाळेला जोडली. बाईला हायवेकडच्या शाळेत पाठवलं. शेवटच्या दिवशी सामान उतरवायला मी वर गेलो होतो. नकाशे घेतले, शाडूचं उरलेलं पोतं घेतलं. खुर्ची बाईने भिंतीला टेकवून ठेवली. मी म्हटलं, ही पण न्यायची का? ती म्हणाली, "ती इथली आहे." कुलूप तिने स्वतः लावलं.

आमच्या घरचा गणपती दरवर्षी तिच्या माहेराहून येतो. आता तो ती मुलगी आणते. मुलगी कसली, बाई झाली आहे, स्वतःच्या स्कूटरवर येते. या वर्षीही आली, पुढ्यात पाट, मूर्तीच्या तोंडावर रुमाल. मी माझे जुने विनोद केले, ती हसली. मग तिने रुमाल काढला आणि पाट बाईपुढे धरला.

"बघा ना, बाई."

बाईने पदराला हात पुसले आणि मूर्ती उजेडाकडे वळवली. डावा डोळा पाहिला. उजवा पाहिला. पापण्यांच्या कडा, बुबुळातला पांढरा ठिपका. पुन्हा डावा. मुलगी ओठ दाबून उभी होती, पाटी दिल्यावर उभी राहायची तशीच. बराच वेळ गेला. बाई शोधत होती हे मला दिसत होतं.

"चूक नाही," बाई म्हणाली.

मुलीने श्वास सोडला आणि खुदकन हसली. "आयुष्यात पयल्यांदा," ती मला म्हणाली, "दादा, आयकलंत ना?" मी ऐकलं होतं. बाईने तिच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. ती गेली. तिच्यापुढे अजून आखायच्या मूर्ती होत्या.

बाई स्वयंपाकघरात जाऊन मोदकाची उकड मळायला बसली. मी तिला इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, त्या दिवशी दारात उभा राहून विचारलं, "त्या सकाळी तू तिला उठवलं असतंस तर?"

"एका डोळ्याचा देव मागे टाकून आली असती. पेपरात काय लिहिलं असतं तिने?"

ती मळत राहिली. उकड कधीच मऊ झाली होती. मी वळलो तेव्हा तिने पाठीमागून म्हटलं, मला नव्हे, परातीला म्हटल्यासारखं,

"उठवायला हवी होती."